दयेला तराजू कशाला?

दया मोजावी काय, असा प्रश्न कुणी विचारला तर आपल्यापैकी बहुतेकांना तो अप्रशस्त वाटेल. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. जे दुसऱ्या हातालाही कळू द्यायचे नाही ते वहीत मांडून त्याची टक्केवारी काढायची, हे देवळात तागडी घेऊन बसण्यासारखे वाटते. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, खचलेल्या माणसाचे ऐकून घेणे, एड्सच्या भयाने ग्रासलेल्या स्त्रीला धीर देणे ही प्रेमाची कृत्ये. त्यांचा हिशेब प्रभूजवळ. आपण मध्ये वही घेऊन कशाला उभे राहायचे?

युक्तिवाद गोड आहे; पण मला तो पटत नाही. गेल्या तीस वर्षांत एचआयव्हीच्या प्रतिबंधाविषयी आणि मनाच्या आजारांविषयी जे संशोधन झाले, त्यातील जे काही माझ्या वाचनात आले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आपण दया केली त्याचे पुढे काय झाले हे पाहायला न जाणे ही दयेतलीच उणीव आहे.

आधी एक सोपे उदाहरण घेऊ. भीषण अपघातातून किंवा आगीतून वाचलेल्या माणसाला लवकरात लवकर बसवून घडलेले सारे तपशीलवार बोलायला लावावे, म्हणजे मनाचा निचरा होईल आणि पुढे त्रास होणार नाही, अशी एक पद्धत १९८० च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. तिच्यामागच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. ब्रिटनमध्ये भाजलेल्या १३३ रुग्णांच्या बाबतीत तिची परीक्षा घेण्यात आली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला असे बोलते केले, दुसऱ्याला केले नाही. निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेरा महिन्यांनंतर बोलते केलेल्यांपैकी शेकडा २६ जणांना आघातातून येणारा मानसिक विकार जडलेला होता; दुसऱ्या गटात हे प्रमाण शेकडा ९ होते. पहिल्या गटातील रुग्णांच्या जखमा मुळातच काहीशा अधिक गंभीर होत्या, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नमूद केले. परंतु पुढे अशा इतर चाचण्यांचा एकत्रित विचार केला गेला तेव्हाही या पद्धतीचा लाभ दिसून आला नाही. आज या क्षेत्रातले जाणकार सांगतात की, संकटात सापडलेल्याला पाणी द्या, निवारा द्या, नातेवाइकांशी त्याची गाठ घालून द्या, तो बोलला तर ऐका. खोदून विचारू नका. आपल्याकडे मयताच्या घरी येणारा प्रत्येक जण विधवेला ‘कसं झालं?’ म्हणून विचारतो, आणि ती बिचारी दिवसातून वीस वेळा तीच कहाणी सांगते. सांत्वनाची ही रीत कुणी कधी तपासून पाहिली आहे काय?

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. नॉनॉक्सिनॉल-९ नावाचे शुक्राणुनाशक रसायन प्रयोगशाळेत एचआयव्हीच्या विषाणूला निष्प्रभ करते, असे आढळले होते. पुरुषाच्या मर्जीवर स्त्रीचा जीव अवलंबून राहू नये, तिच्या स्वतःच्या हाती काही साधन असावे, या न्याय्य तळमळीतून या रसायनाच्या जेलकडे मोठ्या आशेने पाहिले गेले. (अशा साधनांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांना ठाऊक आहे, तो वाद आजचा विषय नाही.) बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड येथील देहविक्रय करणाऱ्या ८९२ स्त्रिया चाचणीत सहभागी झाल्या. २००२ मध्ये सविस्तर अहवाल छापून आला. औषध नसलेले साधे जेल वापरणाऱ्यांपैकी ४५ जणींना लागण झाली होती. नॉनॉक्सिनॉल वापरणाऱ्यांपैकी ५९ जणींना. ज्याने तारायचे त्यानेच धोका वाढवला होता, कारण वारंवार वापरल्याने ते शरीराच्या आतील नाजूक आवरणाला इजा करीत होते. ही चाचणी झालीच नसती तर हेच जेल अत्यंत निर्मळ अंतःकरणाने लक्षावधी स्त्रियांच्या हाती दिले गेले असते, आणि देणाऱ्यांना शांत झोप लागली असती.

संत लूकने सांगितलेल्या शोमरोन्याच्या दृष्टांतावर आम्ही धर्मगुरू पुष्कळ प्रवचने करतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमी माणसाला धर्मशाळेत नेले, पैसे दिले. येथे आमचे प्रवचन बहुधा संपते. पण तो शोमरोनी जाताना धर्मशाळेच्या मालकाला सांगून जातो की, वर काही खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन. तो परत येणार आहे. जखमा भरल्या की चिघळल्या, हे त्याला त्या वेळी कळणार आहे. संशोधनाकडे मी या परत येण्याच्या दृष्टीने पाहतो. संत थॉमस अक्वायनसने विवेकाला इतर नैतिक सद्गुणांचा मार्गदर्शक मानले. चांगले करण्याची इच्छा असणे एक, आणि चांगले कशाने होते हे जाणणे दुसरे. दुसऱ्यावाचून पहिले आंधळे राहते.

मात्र तराजू हाती धरणाराही अन्याय करू शकतो, हे सांगितले नाही तर हे लिखाण एकांगी होईल. १९९४ मध्ये अमेरिका व फ्रान्समधील एका चाचणीने दाखवून दिले की, गरोदर स्त्रीला आणि नवजात बालकाला एझेडटी हे औषध दिले असता बाळाला होणारी लागण सुमारे दोन तृतीयांशांनी घटते. ते उपचार महाग आणि दीर्घ होते. गरीब देशांसाठी थोड्या दिवसांचे, स्वस्त औषधोपचार शोधायचे म्हणून आफ्रिकेत व थायलंडमध्ये चाचण्या सुरू झाल्या, आणि त्यांपैकी अनेकींत निम्म्या मातांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी देण्यात आली. १९९७ मध्ये यावर मोठे वादळ उठले. टीकाकारांचे म्हणणे असे की, अमेरिकेत जे कुणी करू धजणार नाही ते आफ्रिकेतील मातेच्या बाबतीत कसे चालते? समर्थकांचे उत्तर असे की, त्या देशांत एरवी कोणतेच औषध मिळत नव्हते आणि अशा तुलनेनेच उत्तर लवकर मिळणार होते. उत्तर खरोखर लवकर मिळाले: १९९८ मध्ये थायलंडच्या चाचणीने दाखवले की अल्पकालीन उपचारांनीही लागण निम्म्यावर येते. त्या उत्तराने पुढे असंख्य बालके वाचली, हे मला मान्य आहे. तरीही एखाद्या मातेचे दारिद्र्य हे तिला कमी देण्याचे कारण होऊ शकत नाही, असे मला वाटते. आणि चांगल्या परिणामासाठी वाईट साधन चालत नाही, हा आपल्या नीतिशास्त्राचा नियम वैज्ञानिकाला माफ होत नाही.

आता ज्या चाचणीने मला सर्वाधिक विचार करायला लावले तिच्याकडे वळतो. २००९ पासून दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे येथील ५,०२९ स्त्रियांना एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज घेण्याच्या गोळ्या किंवा जेल देण्यात आले. कोणत्याच उपायाने गुण आला नाही. स्त्रियांना विचारले तेव्हा दहांपैकी नऊ वेळा नियमितपणे घेतो, असे त्या सांगत होत्या. त्यांचे रक्त तपासले तेव्हा औषधाचा अंश तीनांपैकी एका नमुन्यातही धड सापडला नाही. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात तो एकदाही आढळला नव्हता.

त्या खोटे बोलल्या काय? धर्मविद्यालयात आम्हाला अक्वायनसचे असत्याचे तीन प्रकार शिकवले जात: थट्टेचे, उपयोगासाठीचे आणि अपाय करणारे. चौथ्या एका प्रकाराची भर घालावी असे मला कधी कधी वाटते: भयाचे असत्य. नंतर संशोधकांनी या स्त्रियांपैकी काहींना त्यांच्याच रक्ताचे निष्कर्ष दाखवून, त्यांना न दुखवता कारणे विचारली. घरात या गोळ्यांची डबी दिसली तर ‘हिलाच तो रोग आहे’ असे शेजारीपाजारी म्हणतील, ही धास्ती होती. नवऱ्याला काय वाटेल, ही चिंता होती. निरोगी माणसाने औषध का घ्यावे, त्याने काही विपरीत तर होणार नाही ना, ही शंका होती. मग त्या चाचणीत राहिल्याच का? तर दवाखान्यात त्यांची नीट तपासणी होत होती आणि त्यांच्याशी कुणी आदराने वागत होते. गोळी नको, पण ते वागणे हवे होते. पापनिवेदनाच्या खुर्चीत वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. लाज ही रोगाहून वरचढ ठरते आणि माणूस मदत करणाऱ्यालाच फसवतो. पण रक्त तपासले नसते तर औषधच निरुपयोगी आहे असे ठरवून सारे मोकळे झाले असते. स्त्रियांची लाज कुणाला दिसली नसती.

शरीराच्या रोगाचा विचार करता करता असे मनापर्यंत यावे लागते. झिंबाब्वेतच डॉ. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये हरारे शहरातील म्बारे या वस्तीत एक प्रयोग आरंभला. त्या देशात मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून त्यांनी वस्तीतील चौदा आज्यांना शिकवून तयार केले आणि दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकावर बसवले. तेथील शोना भाषेत नैराश्याला जवळचा शब्द आहे ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे. आज्या तो शब्द वापरत, दुःख ऐकत, आणि एकेक अडचण सुटी करून तिच्यावर काय करता येईल हे त्या माणसाकडूनच काढून घेत. २०१६ मध्ये चोवीस दवाखान्यांतील ५७३ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांतील शेकडा चाळीसहून अधिक एचआयव्हीबाधित होते. सहा महिन्यांनी आज्यांकडे गेलेल्यांपैकी शेकडा १४ जणांत नैराश्याची लक्षणे उरली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत शेकडा ५०. आज्यांचे प्रेम आकड्यांत मांडल्याने उणे झाले नाही. उलट, ज्या सरकारी यंत्रणेला प्रेमाची भाषा कळत नाही तिला कळेल अशा भाषेत ते मांडता आले.

आपल्या शेजारी गोव्यातही अशा चाचण्या झाल्या आहेत. ‘संगत’ ही संस्था तेथे १९९६ पासून काम करते. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अति मद्यपान करणाऱ्या पुरुषांशी काही बैठकांत संवाद साधला. चाचणीत ३७७ पुरुष होते. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी मागील चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेले समुपदेशनाच्या गटात शेकडा ४२ होते, दुसऱ्या गटात शेकडा १८. एवढ्यावर थांबले असते तर तो उत्सवाचा विषय होता. आमच्या धर्मग्रामांतून व्यसनमुक्तीचे कार्यक्रम होतात, तेव्हा ‘इतक्या जणांनी बाटली सोडली’ असे सांगून आम्ही टाळ्या घेतो आणि घरी जातो. या संशोधकांनी पुढचे प्रश्नही विचारले होते. जे पीत राहिले त्यांचे पिणे कमी झाले काय? नाही. पत्नीला होणारी मारझोड कमी झाली काय? दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हे त्यांनी लपवले नाही, छापले. ज्या बायका नवऱ्याची दारू सुटावी म्हणून नोव्हेना करतात, त्यांतील कितीजणींची खरी प्रार्थना मार थांबावा ही असते, हे धर्मगुरूंना ठाऊक असते. दारू सुटली की मार आपोआप थांबेल, हे आम्ही गृहीत धरतो. त्या अहवालातील एका ओळीने हे गृहीत संशयास्पद ठरवले आहे, आणि अशा घरातील स्त्रीसाठी वेगळे काही करावे लागेल हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

लाजेमुळे रोजची गोळी टाळणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नालाही पुढे उत्तर सापडले. लेनाकापाविर हे वर्षातून दोनदाच टोचायचे औषध आहे. घरात डबी ठेवावी लागत नाही. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुण मुलींच्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. या वेळी चाचणी वेळेपूर्वी थांबवून सहभागी झालेल्या सर्वांनाच ते देऊ करण्यात आले, हे १९९७ च्या वादानंतर नोंदवण्यासारखे आहे. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८ हजार डॉलरहून अधिक ठेवण्यात आली. हैदराबादच्या दोन कंपन्या ते २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये १२० देशांना पुरवतील, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा त्या देशांत आहेत. त्याच औषधाच्या दुसऱ्या चाचणीत ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको व पेरू येथील माणसांनीही आपले रक्त दिले होते. स्वस्त औषध बनवण्याच्या परवान्यासाठी २०२४ मध्ये जी यादी जाहीर झाली, तिच्यात या चार देशांची नावे नव्हती.