परकं अक्षर

पाकीट फोडण्याआधीच अर्धं पत्र वाचून झालेलं असे. वरचा पत्ता कुणाच्या हातचा आहे, एवढं पाहिलं की पुरे. ओळखीचं वळण दिसलं तर जीव भांड्यात पडायचा. अक्षर परकं असलं तर आत काय आहे हे वाचायची हिंमत गोळा करावी लागायची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळातल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या पत्रांबद्दल मी बरंच वाचत आलो आहे, आणि दर वेळी मजकुरापेक्षा या अक्षरापाशीच थबकतो.

मजकूर बहुतेकदा साधा. सुरुवात ठरलेली: लेखणी हाती घेऊन कळवतो की मी सुखरूप आहे, आणि या चार ओळी पोचतील तेव्हा तुम्हीही तसेच असाल अशी आशा करतो. आपल्या ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’चं हे सख्खं भावंड. पुढे रखडलेला पगार, फाटलेले मोजे, छावणीतले जुलाब, घरची गाय व्यायली का, मक्याची पेरणी कुणी केली. पूर्वी मला ही ठरीव सुरुवात पोकळ वाटायची. आता नाही वाटत. ‘मी बरा आहे’ हे शब्द कुणीही लिहील, पण ते त्याच्याच हातचे आहेत म्हणजे त्या तारखेला तो हात धड होता, लेखणी धरत होता. तेवढ्याची खात्री घरच्यांना हवी असे. ती खात्रीही शिळीच असायची. पत्र पोचेपर्यंत मधे एखादी लढाई होऊन गेलेली असे.

या युद्धात मेलेल्यांचा जुना अंदाज ६ लाख २० हजारांचा. अलीकडचे अभ्यासक साडेसात लाखांपर्यंत जातात. यातले निम्म्याहून अधिक लोक गोळीनं नव्हे, रोगानं गेले. आणि मेलेल्याच्या घरी कळवण्याची पक्की व्यवस्था उत्तर आणि दक्षिण या दोन्हींपैकी कुठल्याच सैन्यात नव्हती. गळ्यात अडकवायचे ओळखपट्टेही सरकारनं दिले नव्हते. वर्तमानपत्रांत याद्या छापून येत, त्यांत नावं चुकत. म्हणून ते काम सोबत्यांवर, तुकडीच्या कप्तानावर, इस्पितळातल्या परिचारिकेवर येऊन पडलं. कधी पत्र न लिहिलेल्या पोरानं मेलेल्या मित्राच्या आईला लिहायचं. तिला काय जाणून घ्यायचं असेल हे त्याला कळत होतं: फार सोसावं लागलं का, शेवटी काय बोलला, देवाचं नाव घेतलं का, कुठे पुरलं. या पत्रांचा एक साचाच तयार झाला. ड्रू गिल्पिन फाउस्ट या इतिहासकार बाईंनी २००८च्या आपल्या पुस्तकात तो फार बारकाईनं उलगडला आहे. मरण घरी, आपल्या माणसांत यावं अशी त्या समाजाची श्रद्धा होती. ते जमलं नाही, तेव्हा घरच्यांना निदान कागदावरून त्या बिछान्यापाशी नेऊन बसवायचं. पाकिटात केसांची बट, घड्याळ, बायबल. परकं अक्षर, पण त्यातली माया परकी नव्हती.

वॉल्ट व्हिटमन हा कवी असाच एक परका हात. डिसेंबर १८६२मध्ये फ्रेडरिक्सबर्गला भाऊ जखमी झाला म्हणून तो शोधत गेला आणि मग वॉशिंग्टनच्या इस्पितळांतच रमला. खाटेखाटेपाशी बसून ज्यांना लिहिता येत नव्हतं, ज्यांचा हात उरला नव्हता, त्यांची पत्रं तो लिहून द्यायचा. २०१६ साली त्यातलं एक सापडलं: क्षयानं खंगलेल्या एका सैनिकानं जानेवारी १८६६मध्ये बायकोला लिहवून घेतलेलं. ते सापडलं विधवांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत. हा तपशील माझ्या मनाला फार लागतो. नवरा आपलाच होता, मुलगा आपल्यालाच पैसे पाठवायचा, हे सरकारदरबारी सिद्ध करायचं तर पुरावा काय? त्याची पत्रं. बायकांनी, म्हाताऱ्या आयांनी उशाखाली जपलेली पत्रं कचेरीत जमा केली आणि ती तिथल्याच फायलींत राहिली. आज आपण ती वाचू शकतो, कारण त्यांना ती द्यावी लागली.

उलट बाजूची, घरून गेलेली पत्रं मात्र फार थोडी उरली. पावसात भिजली, सोबत वाहून वाहून फाटली, लढाईआधी परक्याच्या हाती नकोत म्हणून जाळली गेली. म्हणजे बहुतेक घरांचं निम्मंच बोलणं आपल्याला ऐकू येतं. पण त्या हरवलेल्या निम्म्यात केवढं बळ होतं! फेब्रुवारी १८६५मध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली यानं नॉर्थ कॅरोलिनाच्या गव्हर्नराला कळवलं होतं, की घरून येणाऱ्या खचलेल्या पत्रांमुळे माणसं फौज सोडून चालली आहेत. दाणे संपले, पोरं उपाशी आहेत, हे बायकोच्या अक्षरात वाचल्यावर माणूस खंदकात कसा बसेल?

आणि युद्ध यादवी होतं. मे १८६१च्या अखेरीस उत्तरेनं फुटून निघालेल्या राज्यांची टपाल बंद केली, आणि एकाच घराची दोन दारं एकमेकांना परकी झाली. पलीकडे पत्र जायचं ते पांढऱ्या निशाणाखाली: पाकीट उघडं, मजकूर एका पानाचा, त्यात फक्त घरगुती गोष्टी. भावाला लिहिलेलं आधी शत्रूनं वाचायचं. दक्षिणेत कागदाचा दुष्काळ इतका, की भिंतीला लावायच्या कागदाची पाकिटं होत.

या युद्धातलं सर्वांत गाजलेलं पत्र सुलिव्हन बॅलू यांचं. ऱ्होड आयलंडचे हे बत्तीस वर्षांचे वकील १४ जुलै १८६१ला बायकोला लिहितात आणि आठवडाभरात बुल रनच्या लढाईत प्राणघातक जखमी होतात. पत्र टपालात पडलंच नव्हतं, ते त्यांच्या सामानात सापडलं. १९९०च्या केन बर्न्सच्या माहितीपटानं ते घरोघरी पोचलं. मूळ प्रत आज उपलब्ध नाही. आहेत त्या दुसऱ्यांनी केलेल्या नकला. पत्र सुंदर आहे, यात शंका नाही. पण सैनिकाचं पत्र म्हटलं की हेच पुढे केलं जातं, ते मला पटत नाही. बॅलू त्यांच्या राज्याच्या विधिमंडळाचे सभापती राहिलेले होते, शब्दांवर त्यांची हुकमत होती. इतिहासकार जेम्स मॅक्फर्सन यांनी सैनिकांची २५ हजारांवर पत्रं वाचून १९९७मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांनीही कबूल केलं की निरक्षर आणि कृष्णवर्णीय सैनिक या ढिगात त्यांच्या संख्येच्या मानानं कमी आहेत.

कमी असणारच. मिसुरी राज्यात १८४७च्या कायद्यानं कृष्णवर्णीयांना लिहावाचायला शिकवणाऱ्या शाळांवरच बंदी घातली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, तेव्हा अक्षर आणि दास्य यांचं नातं त्यांनी आपल्या मातीत पुरतं पाहिलेलं होतं. उत्तरेच्या फौजेत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय दाखल झाले. त्यांच्या घरी पत्र जायचं म्हणजे काय, हे मिसुरीतल्याच एका पत्रातून कळतं.

जानेवारी १८६४. नवरा फौजेत, बायको अजून मालकाच्या घरी गुलाम. नवऱ्याची दोन पत्रं आली, पण उत्तर लिहून द्यायला कुणी मिळेना. शेवटी एक शेजारी मिळाला. ती सांगते: दिवसेंदिवस जास्त छळतात, लेक तुझ्यासाठी रडते, अंगावर धड कपडा नाही, पैसे पाठव. पण मालकाच्या पत्त्यावर नको, तो ठेवून घेईल. माझी फार काळजी करू नको, मी लवकरच सुटेन आणि मग आपण कमावू ते आपलंच असेल. ताजा कलम: पुढच्या पत्रात लेकीला मण्यांची एक माळ पाठव, तुझी आठवण म्हणून.

खाली लिहून देणारा स्वतःची चार वाक्यं जोडतो. पत्रं माझ्या नावानं पाठव. महिन्याला एक पुरे. आणि तिचं पत्र मिळालं असं कुठेही लिहू नको, नाहीतर तुझी पत्रं तिच्यापर्यंत पोचणार नाहीत. मालकानं तिला माझ्या घरी यायला मनाई केली आहे. म्हणजे पत्र मिळाल्याचा आनंदही लिहायचा नाही. त्या वेळी गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर मिळत. कृष्णवर्णीयाला १०, त्यातून कपड्यांचे ३ कापले जात. त्या ७ डॉलरांतून माळ घ्यायची होती.

त्याच मिसुरीत स्पॉट्सवुड राइस नावाच्या सैनिकाचं अक्षर मात्र स्वतःचं होतं. ३ सप्टेंबर १८६४ला सेंट लुइसच्या इस्पितळातून त्यानं आपल्या गुलाम मुलींना लिहिलं: धीर धरा, जीव गेला तरी बेहत्तर, मी तुम्हाला सोडवीन. दुसरं पत्र थेट मालकिणीला: माझी मुलगी ही देवानं मला दिलेली आहे, तुझा तिच्यावर हक्क नाही, मी फौजेसह येतो आहे. मालकिणीचा भाऊ गावचा पोस्टमास्तर. त्याला हा अपमान सोसवेना. त्यानं दोन्ही पत्रं उत्तरेच्या सेनापतीकडे धाडली आणि या सैनिकाला राज्याबाहेर घालवा अशी मागणी केली. त्या तक्रारीला जोडलेली म्हणूनच ती पत्रं सरकारी दप्तरात टिकली.

राइसची मुलगी मेरी वडिलांपाशी पोचली. १९३७ साली, पंच्याऐंशीच्या घरात असताना, सरकारी उपक्रमातल्या लेखनिकाला तिनं आपली हकीकत सांगितली. वडील वाचायला कसे शिकले, मालकाच्या मुलानं त्यांना कसं शिकवलं, हेही तिनं सांगितलं. ती बोलत होती, आणि लेखनिकाचा हात उतरवून घेत होता.