मळ कोणाचा?

उसाचा रस काहिलीत तापला की त्यातले मेण, प्रथिने आणि मातीचे कण गोठून वर येतात. भेंडीच्या खोडाचा चिकट रस घातल्यावर ते एकमेकांना धरतात आणि झाऱ्याने काढता येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुते, माळशिरसच्या ऊसपट्ट्यात या थराला मळी म्हणतात. कारखान्यात मात्र साखर निघाल्यावर उरलेला काळा पाक म्हणजे मळी. रसावरचा असा थर इंग्रजीत ‘स्कम’. हा शब्द डचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ निव्वळ फेस. पुढे तो तरंगत्या घाणीला लागला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस खालच्या मानलेल्या माणसांनाही. ही शेवटची उडी गैर आहे. मळ वस्तूवर बसतो, की वस्तूच मळ असते, हा प्रश्न ती न विचारताच सोडवून टाकते.

भारतीय दर्शनांनी तो नीट विचारला. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कामाने झाकलेल्या ज्ञानाला तीन दाखले आहेत: धुराने वेढलेला अग्नी, मळलेला आरसा, वारेतला गर्भ. धूर वाऱ्यानेही सरतो, आरसा हाताने पुसावा लागतो आणि वार वेळ भरल्यावरच सुटते. आवरणे कमीअधिक घट्ट आहेत, पण एकही आतल्या वस्तूचा स्वभाव नाही. वेदान्ताने पुढे मल, विक्षेप (मनाची चंचलता) आणि आवरण (अज्ञान) असे अंतःकरणाचे तीन दोष सांगून निष्काम कर्म, उपासना आणि ज्ञान हे त्यांवरचे उपाय ठरवले.

नातेपुत्याजवळच्या दहिगावी महावीरांचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. जैन मतात कर्म हा अतिसूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, असून क्रोध-लोभासारख्या कषायांमुळे तो जीवाला चिकटतो. हा संबंध अनादि आहे. मग जे अनादि ते सुटणार कसे? जैन आचार्य खाणीतल्या सोन्याकडे बोट दाखवतात: सोने आणि दगड पहिल्यापासून एकत्र असतात, तरी अग्नीने वेगळे होतात. तप हा तो अग्नी. आरशावरची धूळ नंतर बसलेली असते. सोन्याचा दाखला त्याहून खोल जातो, कारण इथे कधीकाळच्या निर्मळ अवस्थेची आठवण लागत नाही.

वीरशैव परंपराही जीवावर आणव, मायीय आणि कार्मिक असे तीन मल मानते. गुरूच्या वेधा, मंत्र आणि क्रिया या दीक्षांनी ते क्रमाने फिटतात.

एवढे मान्य करूनही समाजाने काही माणसांनाच मळ ठरवले. मंगळवेढ्याच्या संत चोखोबांनी चौदाव्या शतकात विटाळाच्या कल्पनेलाच जाब विचारला: देह विटाळातूनच जन्मतो, मग सोवळा कोण? हा तर्क बिनतोड आहे, कारण तो एका जातीचा बचाव करत नाही. तो सगळ्यांना एकाच पंक्तीत बसवतो. चोखोबांची समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी, बाहेरच आहे. याच मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 रोजी उपोषण सुरू केले आणि मागणी मान्य झाल्यावर 10 मे रोजी ते सोडले.