समान पाळी, असमान फळ

पाबळसारख्या गावात बिनतारी इंटरनेटचे छोटे जाळे उभारणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. शिरूर तालुक्यातल्या या कमी पावसाच्या गावात डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब आली. हाताने काम करत शिकण्याची परंपरा असलेल्या ठिकाणी खांबावर अँटेना चढवणारे, तिची दिशा जुळवणारे हात सापडतात. खरी अडचण जाळे चालू झाल्यावर येते. गावठाणात सिग्नल भरपूर, लांबच्या वस्तीवर जेमतेम, आणि संध्याकाळी सगळेच एकदम जोडलेले. अशा वेळी कोणाला किती द्यायचे? राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणीतरी आकडे भरतो आणि प्रश्न सुटला असे मानले जाते. पण त्या आकड्यांत न्यायाची एक कल्पना दडलेली असते, आणि ती कोणती हे भरणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते.

वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी सहसा एकच उपकरण बोलू शकते, बाकीच्यांनी थांबायचे. मूळ नियम साधा आहे: बोलायची संधी सगळ्यांना सारखी. ऐकायला याहून न्याय्य काय असणार? आता जुन्या वाय-फायचा हिशेब मांडून पाहू. राऊटरजवळच्या घराला 11 एमबीपीएसचा वेग मिळतो, लांबच्या वस्तीला 1 एमबीपीएसचा. दोघांना आळीपाळीने सारखाच मजकूर पाठवू दिला, तर वस्तीवरच्या उपकरणाला तेवढ्याच कामाला अकरा पट वेळ लागतो. बारापैकी अकरा भाग वेळ एकटी वस्ती खाते आणि इतर खर्च सोडून धरले तरी दोघांच्याही वाट्याला जेमतेम 0.92 एमबीपीएस येतात. ग्रनोबलच्या संशोधकांनी 2003 मध्ये हा दोष मांडून दाखवला. त्याऐवजी दोघांना सारखा वेळ दिला, तर जवळच्याला 5.5 आणि लांबच्याला 0.5 मिळतात; एकूण बेरीज 1.83 वरून 6 वर जाते. लिनक्समधल्या वाय-फाय व्यवस्थेत 2017 पासून या दुसऱ्या रीतीला जागा मिळू लागली. पहिल्या रीतीत फळ समान, दुसरीत वेळ समान. दोन्ही एकदम साधत नाहीत, आणि कोणती निवडायची हे गणित सांगत नाही.

बेरीज मोठी करणे हेच ज्याचे ध्येय, तो डोळे मिटून दुसरी रीत घेईल. त्याच तर्काने पुढे जाऊन वस्तीला तोडूनच टाकले तर बेरीज 11 होते, हे मात्र तो मोठ्याने बोलणार नाही. उलट 1971 मध्ये न्यायावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या जॉन रॉल्ससारखा विचारवंत म्हणेल की विषमता तेव्हाच चालेल, जेव्हा तिच्यामुळे सर्वांत खालच्याचे भले होते. इथे खालच्याचे 0.92 घटून 0.5 झाले, म्हणजे रॉल्सचा कौल पहिल्या रीतीला. तरीही मला समान वेळेची बाजू बरोबर वाटते, पण एका अटीवर. या जाळ्यात सर्वांच्या मालकीची वस्तू मजकूर नाही, वेळ आहे. लहरींवर कोणाची खासगी मालकी नाही. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले आणि 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला. जे सर्वांचे, त्यात प्रत्येकाचा हक्क सारखा. मात्र वस्तीवरच्या माणसाचा वेग कमी आहे तो त्याच्या आळसामुळे नाही, अंतरामुळे. गावठाणातल्याचे घर राऊटरजवळ आहे, यात त्याचेही कर्तृत्व नाही. मग 0.92 वरून 5.5 पर्यंतची त्याची वाढ हे त्याच्यावरचे ऋण ठरते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचा विचार येतो. मिळालेल्यातून परत न देता नुसते भोगणाऱ्याला तिथे चोर म्हटले आहे. माझी अट तीच आहे: समान वेळेतून जवळच्यांना जो जास्तीचा लाभ होतो, त्यातून आधी वस्तीकडचा खांब, अँटेना आणि वेगळा चॅनल उभा राहिला पाहिजे. तो खर्च जवळच्यांच्या वर्गणीतून निघावा. वस्तीचा वेग त्याने खरोखर वाढला, की रॉल्सचा आक्षेपही उरत नाही. हे होणार नसेल तर पहिली रीतच बरी. सगळे मिळून रडतील, पण वस्ती एकटी रडणार नाही.

यावर कोणी म्हणेल की सगळ्यांचे काम सारख्या मोलाचे नसते; परीक्षेचा अर्ज भरणारी मुलगी आणि रात्रभर सिनेमे उतरवणारा गडी यांना एकच माप का? उदाहरण म्हणून पाणी पंचायतीचे नाव घेतले जाईल, आणि ते योग्यच आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावापासून जो प्रयोग उभा केला, त्यात पाण्याचा हक्क जमिनीशी न जोडता माणसाशी जोडला. भूमिहीनालाही वाटा मिळाला. पण त्याच पंचायतीने ऊस बंद केला. म्हणजे तिनेही निवड केलीच की. केली, पण पिकाची तहान पाहून. शेतकऱ्याची नीती तपासून नव्हे. शिवाय नियम आधी ठरला, सर्वांना माहीत होता आणि ज्यांनी ठरवला त्यांनाही लागू होता. जाळ्यातही एवढेच करता येते. संध्याकाळच्या गर्दीत मोठी डाउनलोड मागे ठेवा, रात्री अकरानंतर मोकळी सोडा. कोण काय पाहतो यात व्यवस्थापकाने नाक खुपसू नये. अभ्यास कोणता आणि चैन कोणती, हे ठरवण्याचा अधिकार पासवर्ड हाती आला म्हणून मिळत नाही. आणि ज्याच्या खिशात पैसे जास्त, त्याला चालू रांगेत पुढे घेण्याचाही नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: जास्त बँडविड्थ विकत घ्या, टंचाईच राहणार नाही, मग न्यायाचा काथ्याकूट कशाला? बाहेरून येणारा पुरवठा वाढवता येतो, हे खरे. पण अडते शेवटच्या टप्प्यावर, राऊटर आणि फोन यांच्यामधल्या हवेत, आणि तिथला सेकंद सेकंदच राहतो. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे समजावावे लागत नाही. धरण भरले तरी टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेताला पाणी पोचतेच असे नाही.

उरतो तो सर्वांत कडू निर्णय. जोडण्या एका मर्यादेपलीकडे वाढल्या की कोणालाच धड काही मिळत नाही. उपकरणे एकमेकांशी झोंबण्यातच वेळ घालवतात. तेव्हा नव्या माणसाला नाही म्हणावे लागते. आलेल्याला परत पाठवू नये, या आपल्या संस्काराला ते रुचत नाही. म्हणून चालक मंडळी सर्वांना हो म्हणतात आणि सर्वांनाच फसवतात. पण आधी आला त्याचा हक्क कायमचा आणि उशिरा आलेला कायमचा बाहेर, हेही सार्वजनिक लहरींच्या बाबतीत टिकत नाही. म्हणून एका राऊटरवर किती जोडण्या, ती संख्या भरल्यावर दुसरा खांब किती दिवसांत आणि कोणाच्या पैशाने, वस्तीला किमान वेग किती, हे चार नियम ग्रामसभेत ठरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि त्यानंतरच पुढच्या जोडणीचा अर्ज घ्या.