आवाज कोणी बंद करायचे?

माझ्या आत्याला तीस वर्षं आवाज ऐकू येतात. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी ते कमी झाले, गेले नाहीत. एक पुरुष तिला घालूनपाडून बोलतो. दुसरी लहान मुलगी, ती फक्त विचारते, "जेवलीस का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नको असलेली प्रोसेस दिसली की बंद करायची, ही सवय. त्यामुळे टीएमएसबद्दल, म्हणजे चुंबकाने मेंदूवर केल्या जाणाऱ्या उपचाराबद्दल, वाचून मी हरखलो. तत्त्व शाळेत शिकलेल्या फॅरडेचंच: डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून क्षणभर मोठा प्रवाह सोडला, की बदलतं चुंबकीय क्षेत्र कवटीपलीकडच्या पेशींत वीज निर्माण करतं. १९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्करांनी हे करून दाखवलं. सेकंदाला एक अशा मंद ठोक्यांनी मेंदूचा तो भाग थोडा शांत होतो. येलच्या राल्फ हॉफमन यांनी डाव्या कानाच्या मागे-वर, बोलणं समजून घेणाऱ्या भागावर तसे ठोके दिले. काहींचे आवाज कमी झाल्याचा त्यांचा निबंध २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढच्या काही मोठ्या चाचण्यांत मात्र खऱ्या आणि लुटुपुटूच्या उपचारांत फरक दिसला नाही.

हे सगळं आत्याला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "पोरगीपण जाईल का रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉइलला मेंदूतली जागा कळते. कोण काय बोलतंय ते कळत नाही.

नेदरलँड्समधले मानसोपचारतज्ज्ञ मारियुस रोम म्हणत, की आवाज नुसता दाबू नका. तो काय म्हणतो, कधीपासून येतो, हे ऐकणाऱ्यालाच विचारा. मला हे पटतं, पण अर्धंच. त्या पुरुषाच्या सांगण्यावरून आत्या एकदा गच्चीच्या कठड्यापर्यंत गेली होती. अशा वेळी आवाजाचा अर्थ शोधत बसणं हा क्रूरपणा आहे. तो बंद व्हायलाच हवा, यंत्राने किंवा गोळीने.

पण मग मुलीचं काय? ती आजाराचंच लक्षण आहे, हे मला मान्य आहे. मात्र लक्षण आहे म्हणून ते आपोआप काढून टाकण्याजोगं ठरत नाही. त्रास कोणाला होतो, हे आधी विचारावं लागतं. आत्या एकटीच हसते, याचा त्रास तिला कधीच नव्हता. तो आम्हाला होता, पाहुण्यांसमोर.

आणि तीस वर्षांत ते आवाज काय बोलतात हे घरात कोणीही विचारलं नव्हतं. मीही यंत्राचं वाचलं म्हणून विचारलं.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जायचंय. आत्याने बजावलंय, "त्याचं बघ. तिचं मी सांगेन." चुंबकाने अशी निवड करता येणार नाही, हे मला तिला त्याआधी सांगायचंय. मग ठरवायचं तिने.