शिक्षण हे दान की देणं?



मागच्या गुरुपौर्णिमेला आपण जुने मोबाईल गोळा करून घरकामाला असणाऱ्या मुलींना दिले. "शिका, पुढे जा" म्हणालो, ग्रुपवर फोटो टाकले, मनाला बरं वाटलं.

परवा सत्संगात एक ताई म्हणाल्या, "आमच्याकडे झाबुआची एकोणीस वर्षांची मुलगी आहे. ती तो फोन शिकायला उघडतच नाही. उघडणार कधी? सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत ती आमच्याच कामात असते."

आपण सगळे गप्प झालो. मग आपण दिलं तरी काय?

दार तर उघडं आहे. १९८९ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तिथे दहावीला वयाची वरची अट नाही. एकेक विषय सोडवता येतो, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पण दारापर्यंत यायला वेळ लागतो, आणि तिचा वेळ आपल्या घरात अडकलाय.

आपल्याच इंदुरात भमोरीला 'बारली' संस्था आहे. १९८५ पासून झाबुआ, धार भागातल्या आदिवासी मुली तिथे राहून लिहिणं-वाचणं, शिवण, आरोग्य, सूर्यचुलीचा स्वयंपाक शिकतात. जनक पलटा मॅकगिलिगन यांनी ती अनेक वर्षं सांभाळली. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे मुलीचे महिनेच्या महिने फक्त शिकण्यासाठी मोकळे ठेवतात. भिली बोलीत बारली म्हणजे घराचा मधला खांब. खांबावर कोणी उपकार करत नाही. घरच त्याच्या आधारावर उभं असतं.

कोणी म्हणेल, "पगार देतो ना!" पगार कामाचा झाला. शिकायच्या वयातले तास कोणत्या पगारात बसतात? आणि मनातली खरी भीती वेगळीच आहे: शिकली तर काम सोडून जाईल. हो, जाईलही. आपल्या मुली शिकून पुण्याला, बंगळुरूला गेल्या तेव्हा आपण पेढे वाटले होते ना?

म्हणून हे दान नव्हे, देणं आहे. दान करताना थोडा तरी अहंकार येतो. देणं फेडलं की माणूस मोकळा होतो.

तर एवढं करू या. रोज एक तास तिला मोकळा, पगार न कापता. काय शिकायचं ते तिलाच विचारू. शिवण म्हणाली तर शिवण, कॉम्प्युटर म्हणाली तर कॉम्प्युटर.

येत्या गुरुवारी ग्रुपवर फोटो नकोत. कोणत्या घरी कितीचा तास ठरला, एवढंच लिहा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥