देठ सोडताना

पिंपळाचे पान वाऱ्याने गळते असे आपण म्हणतो. खरे तर वारा यायच्या आधीच झाडाने देठाच्या बुडाशी एक नाजूक थर तयार करून ठेवलेला असतो. पान तिथून सुटते. वारा फक्त निमित्त.

1972 साली केर, वायली आणि करी या तीन विकृतिशास्त्रज्ञांना पेशीच्या एका वेगळ्या मरणासाठी नाव हवे होते. इजा होऊन मेलेली पेशी फुगते, फुटते, आतले सगळे बाहेर सांडते आणि आसपास दाह होतो. त्यांनी पाहिलेली पेशी मात्र आक्रसत होती, आपल्याच आवरणाच्या लहान लहान पुरचुंड्या बांधत होती आणि शेजारच्या पेशी त्या पुरचुंड्या मुकाट्याने पोटात घेत होत्या. ॲबर्डीनच्या विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी त्यांना शब्द सुचवला, ॲपॉप्टोसिस. झाडावरून पाने किंवा फुलावरून पाकळ्या गळाव्यात, तसे गळणे. आपल्याकडे ‘पानगळ’ हा शब्द आहेच, आणि मला हे ग्रीक नाव नेहमी तसेच ऐकू येते.

गर्भात आपल्या हाताची बोटे सुटी होतात तीही अशाच पानगळीने. मधल्या पेशी निघून जातात. पेशी मरतात म्हणून घाट येतो, एवढे समजायला सोपे आहे. मूर्तिकार दगड काढतो तसे. पण मरणाऱ्या पेशीमुळे नवे उगवते, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

ही गोष्ट हायड्राची. शाळेच्या पुस्तकात कलिकायनाच्या चित्रात भेटतो तोच, गोड्या पाण्यातला, जेमतेम काही मिलिमीटरचा जीव. जिनिव्हाचे अब्राहम ट्रेंब्ले 1740 मध्ये हॉलंडमध्ये हेगजवळ एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवत होते. तिथल्या पाण्यात त्यांना हा हिरवा जीव दिसला. वनस्पती की प्राणी, हे कळेना. त्यांनी तो मधोमध कापला. दोन्ही तुकडे वाढले तर वनस्पती, असा त्यांचा हिशेब. दोन्ही वाढले, खालच्याला डोके आले, वरच्याला बूड. आणि दोन्ही तुकडे चालत होते, भक्ष्य पकडत होते. त्या काळच्या विद्वानांची झोप उडवणारा प्रयोग होता तो. एका जिवाचे दोन जीव होतात, तर जीव राहतो तरी कुठे?

अडीचशेहून अधिक वर्षांनी ट्रेंब्ले यांच्याच गावात, जिनिव्हा विद्यापीठात, ब्रिजित गालियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच काप पुन्हा घेतला आणि कापल्यानंतरचे पहिले काही तास पाहिले. 2009 मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले ते असे: ज्या कडेला पुढे डोके येणार, तिथल्या पेशी तासाभरात मोठ्या संख्येने मरू लागतात. ज्या कडेला पाय येणार, तिथे फारच थोड्या. डोक्याकडच्या त्या पेशी जाता जाता ‘डब्ल्यूएनटी-3’ नावाचे प्रथिन सोडतात. शेजारच्या पेशींना ते पोचते, त्या विभागू लागतात आणि नव्या डोक्याची तयारी सुरू होते.

हे मरण रोखले तर? रसायन वापरून पेशींना मरू दिले नाही, तेव्हा डोके येईना. मग बाहेरून तेच प्रथिन दिले आणि डोके आले. उलट, पायाच्या कडेला मुद्दाम पेशी मारल्या, तर तिथेही डोके फुटले. दोन डोक्यांचा हायड्रा झाला. जखम दोन्ही कडांना सारखीच होती. कुठे काय उगवायचे, ते मरणाऱ्या पेशींनी दिलेल्या निरोपावर ठरत होते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर कित्येक वर्षे काम झाले आहे. काचेच्या वाटीत, बुडाने चिकटून, सोंडेसारखे तंतू पसरून स्वस्थ उभा असलेला तो जीव पाहिला, तर या सगळ्या घडामोडींची शंकाही येऊ नये.

हायड्रा आपल्यापासून फार दूरचा म्हणावा, तर उंदरांतही असे काही सापडले आहे. मरणाची कात्री चालवणारी कॅस्पेज नावाची विकरे ज्या उंदरांत नव्हती, त्यांच्या जखमा सावकाश भरल्या आणि कापलेले यकृतही सावकाश वाढले. याचा काळा पदरही सांगायला हवा. किरणोपचाराने मरणाऱ्या कर्करोगाच्या पेशीही अशाच हाका देऊन उरलेल्या पेशींना वाढायला लावतात, असे दिसले आहे. हाकेला चांगलेवाईट कळत नाही. म्हणून या पेशींना त्यागाची बिरुदे लावताना माझी जीभ अडखळते. माणसाच्या जाण्यावर फुंकर घालायलाही मी हा दाखला वापरणार नाही. ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याला हायड्रा सांगू नये.

तरीही या पेशींच्या निरोपावरून आठवणारी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. निरोपाच्या वेळी आपल्याकडे कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. घरातल्या मोठ्यांनी लहानपणी हे इतक्यांदा दुरुस्त केले आहे की जीभ आपोआप तशीच वळते.

हायड्रा कापल्यापासून दोन-तीन दिवसांत खालच्या तुकड्याच्या टोकाशी बारीक उंचवटे दिसू लागतात. मग त्यांचे तंतू होतात, मधोमध तोंड उघडते आणि समोरून जाणारे भक्ष्य धरायला तो जीव मोकळा होतो. पहिल्या तासात ज्यांनी निरोप दिला त्या पेशी तोवर कुठेच नसतात. शेजारच्यांनी त्यांना केव्हाच पोटात घेतलेले असते.