आनुवंशिक हृदयविकार आणि सम्मा वाचा



लाँग क्यूटी सिंड्रोम या आजारात हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. धडधाकट तरुण पोहताना किंवा धावताना अचानक कोसळू शकतो. आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर बहुधा प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते.

इथे ब्रिटनमध्ये एकाचे निदान झाले की जवळच्या नातेवाइकांनाही तपासणी सुचवतात. पण नागपूरच्या भावाला कोण कळवणार? ‘मुलीचे लग्न जमणार नाही’, ‘लोक मागच्या जन्मीचे पाप म्हणतील’, या भीतीने घरे गप्प बसतात.

संयुत्त निकायातील सीवक सुत्तात भगवान बुद्ध सांगतात की सगळ्या वेदना पूर्वकर्माने येत नाहीत. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशीही कारणे असतात. मग जनुकातील दोषाची लाज कशाला? चेतना म्हणजे कर्म. जनुक आपण निवडले नाही. सांगायचे की लपवायचे, हे मात्र आपणच निवडतो.

आजार चारचौघांत सांगायची गरज नाही. पण ज्यांच्या रक्तात तोच धोका असू शकतो, त्यांना सांगायलाच हवे. ईसीजी, बीटा-ब्लॉकर गोळ्या आणि धोक्याची औषधे टाळणे, एवढ्यानेही जीव वाचू शकतो. सम्मा वाचा म्हणजे खोटे न बोलणे, तसेच वेळेवर बोलणेही.

भवतु सब्ब मंगलं!